थोडक्या घरांचा हक्क

(ता. १८ डिसेंबर, अल्पसंख्याक हक्क दिन. या दिवशी गावच्या मराठी शाळेच्या पटांगणात शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेपुढे एका शिक्षकाने केलेले भाषण.)



१९९२ साली याच तारखेस संयुक्त राष्ट्रसंघाने, म्हणजे जगातल्या राष्ट्रांच्या पंचायतीने, एक जाहीरनामा मंजूर केला. ज्या लोकांची संख्या वंशाने, धर्माने वा भाषेने एखाद्या देशात थोडी आहे, त्यांच्या अस्तित्वाचे रक्षण करणे व त्यांचे वेगळेपण नांदेल अशी परिस्थिती राखणे हे तिथल्या राज्याचे कर्तव्य आहे, असे त्यात सांगितले आहे. आपल्याकडे कचेऱ्यांतून व शाळांतून हा दिवस पाळतात. वरून परिपत्रक येते, फळ्यावर अक्षरे निघतात, एक तास बोलणे होते, आणि दुसऱ्या दिवशी फळा पुसून त्यावर गणिते येतात. यंदा तेवढ्याने भागणार नाही. येत्या ग्रामसभेपुढे एक ठराव यायचा आहे, तो तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. चैत्रातल्या जत्रेत परधर्माच्या व फिरस्त्या लोकांना दुकाने मांडू देऊ नयेत, असा तो ठराव. त्या वेळी तुमचे हात वर जायचे की खाली राहायचे, हे तुम्ही ठरवणार. म्हणून परिपत्रक बाजूस ठेवून आम्ही त्या ठरावाविषयीच बोलणार आहोत. ज्यांनी तो ठराव आणला आहे तेही आमचेच लोक आहेत, त्यांची मुले आमच्या वर्गात बसतात. त्यांच्याशी आमचे भांडण नाही. वाद आहे तो विचाराशी.

प्रथम थोडके कोण ते पाहू. कायद्याने आपल्या देशात मुसलमान, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि जैन हे सहा समाज अल्पसंख्याक म्हणून नोंदले आहेत. पहिले पाच १९९३ साली नोंदले गेले, जैन २०१४ साली. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे महाराष्ट्रात शेकडा सुमारे साडेअकरा मुसलमान, पावणेसहाच्या आसपास बौद्ध, सव्वा जैन आणि सुमारे एक ख्रिस्ती आहेत. यांशिवाय भाषेने थोडके असलेले लोक आहेत. सोलापुरातले पद्मशाली विणकर घरात तेलुगू बोलतात, जत आणि अक्कलकोट या तालुक्यांत कानडी शाळा आहेत. आणखी एक वर्ग असा आहे की जो अल्पसंख्याकांच्या यादीत नाही, परंतु ज्या गावात जाईल त्या गावात तो थोडकाच असतो. तो म्हणजे भटक्या व विमुक्त जमातींचा. त्यांची पाले गावाबाहेर पडतात आणि त्यांच्या बाजूने बोलायला ग्रामसभेत एकही हात नसतो.

आता तुम्ही म्हणाल की, ते थोडके आणि आपण पुष्कळ. पण आम्ही विचारतो, या गावात पुष्कळ तरी कोण आहे? कुंभाराची घरे किती? तीन. लोहाराचे एक, सुताराची दोन, परटाचे एक, न्हाव्याची दोन. धनगर-माळी यांची आळी थोडी मोठी, मराठ्यांची त्याहून मोठी. पण मराठ्यांतही भावकी मोजायला लागलो तर एका भावकीपुढे दुसरी थोडकी ठरते. जमिनीने मोजले तर बारमाही पाण्याचे शेत असलेले मूठभर निघतात, आणि कोरडवाहूवाले व मजूर पुष्कळ निघतात. पुष्कळ आणि थोडके ही काही जन्मजात वस्तू नाही. मोजणारा ज्या ठिकाणी रेघ ओढतो, त्याप्रमाणे माणूस कधी रेघेच्या आत येतो, कधी बाहेर राहतो. आज रेघ धर्माची ओढली म्हणून लोहार आत आला. उद्या कोणी दुसरी रेघ ओढील तेव्हा लोहाराच्या एका घराला कोण विचारणार? म्हणून कारागीर बांधवांनी हा ठराव परक्यावर आलेला आहे असे समजू नये. एका घराच्या माणसाला गावात निर्धास्त राहता येते की नाही, हा प्रश्न सर्वांत आधी कारागिराचा आहे.

दुसरा आक्षेप असा, की बहुमत म्हणजेच लोकशाही. बहुतेकांना नको तर नको. यावर आमचे म्हणणे असे आहे. रस्ता कुठून न्यावा, टाकी कुठे बांधावी, दिवाबत्तीवर किती खर्च करावा, हे हात वर करून ठरवायचे विषय आहेत. त्यात हरणाऱ्याचे दिवे वेळेवर लागतात, त्याला पाणीही मिळते. फक्त त्याच्या मनाजोगती जागा मिळत नाही. परंतु अमक्याने पोट भरावे की नाही, अमक्याने देवळापुढच्या मोकळ्या जागेत उभे राहावे की नाही, हे हात वर करून ठरवायचे विषय नव्हेत. घरातले चार भाऊ मिळून पाचव्याचे ताट काढून घ्यायचे ठरवतील, तर त्याला कोणी बहुमत म्हणणार नाही.

घटनाकारांनी हे ओळखले होते. म्हणूनच त्यांनी काही गोष्टी बहुमताच्या हाताबाहेर ठेवल्या. घटनेचे कलम १२ वाचले तर दिसेल की राज्य या शब्दात दिल्लीचे व मुंबईचे सरकार येते, तशाच स्थानिक संस्थाही येतात. म्हणजे आपली ग्रामपंचायतसुद्धा त्यात आली. कलम १५ सांगते की राज्याने केवळ धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान एवढ्यावरून कोणाही नागरिकात भेद करू नये. त्याच कलमात पुढे दुकाने, विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम १९ प्रत्येक नागरिकाला धंदा करण्याची मोकळीक देते. सर्वांना सारखी लागू पडणारी वाजवी बंधने तिला घालता येतात, धर्म विचारून दार लावता येत नाही. तेव्हा असा ठराव आपण मंजूर केला तरी तो घटनेपुढे टिकणार नाही. वरचे अधिकारी तो रद्द करतील, गावाचे नाव वर्तमानपत्रांत जाईल, आणि मिळेल काय? शेजाऱ्याच्या मनात एक कायमची सल.

या कलमात विहिरी आणि तळी कशी आली, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर बोले यांनी ठराव आणला की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. तो मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने त्याप्रमाणे आपले तळे खुले केल्याचा ठरावही केला. पण कागद झाला तरी पाणी मिळेना. शेवटी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो माणसे घेऊन चवदार तळ्यावर जावे लागले, आणि हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. तेव्हाही गावचे पुष्कळ लोक हेच म्हणत होते की आमचे तळे आहे, आम्हांला नको तर नको. पाणवठा सर्वांचा की पुष्कळांचा, हा वाद त्या वेळी झाला आणि निकालात निघाला. जत्रेचे पटांगण तरी कोणाचे, हा वाद आज नव्याने काढण्यात शहाणपण नाही.

ज्यांनी घटनेचा मसुदा केला त्या समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकरच होते. ता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना त्यांनी दोन्ही बाजूंना चार शब्द सुनावले. थोडक्यांचे अस्तित्वच मान्य न करणे ही पुष्कळांची चूक आहे, तशीच आपण कायम वेगळेच राहू असे म्हणणे ही थोडक्यांची चूक आहे, असे त्यांनी सांगितले. आणि पुढे म्हणाले की अल्पसंख्याकांनी बहुसंख्यांचे राज्य निष्ठेने पत्करले आहे. आता त्यांच्याशी भेदभाव न करणे हे आपले कर्तव्य आहे, हे बहुसंख्यांनी ओळखले पाहिजे. यातली मेख अशी की, आधी कोणी वागायचे हे त्यांनी ठरवून दिले आहे. ज्याचे बळ जास्त त्याने आधी.

तिसरा आक्षेप पुष्कळ ऐकू येतो. सर्व सारखे म्हणता, तर मग थोडक्यांना निराळी कलमे कशाला? घटनेचे कलम २९ त्यांची भाषा, लिपी व संस्कृती जपते, कलम ३० त्यांना आपल्या पसंतीच्या शाळा काढू देते. हा लाड नव्हे काय?

शेतकरी मंडळींना याचे उत्तर आम्ही पाटाच्या पाण्यावरून देतो. पाटाच्या तोंडाशी ज्याचे शेत, त्याला पाणी मागावे लागत नाही. ते त्याच्या बांधाला लागूनच वाहते. शेपटाकडच्या शेतकऱ्याचा कागदावरचा हक्क अगदी तेवढाच असतो, पाणीपट्टीही तो तेवढीच भरतो, पण मध्ये वीस जणांनी दारे मोडल्यावर त्याच्या शेतात ओलसुद्धा पोचत नाही. म्हणून पाळी शेपटाकडून सुरू करण्याचा नियम करावा लागतो. त्या नियमाने शेपटवाल्याला एक घागर जास्त मिळत नाही. त्याचा हक्काचा वाटा त्याच्यापर्यंत पोचतो, एवढेच. पुष्कळांची भाषा शाळेत, कचेरीत, बाजारात आपोआप वाहत असते. पुष्कळांच्या सणाला सुटी आपोआप मिळते. थोडक्यांना तेच मिळण्यासाठी कागदावर वेगळी ओळ लिहावी लागते. तिला लाड म्हणणारा हा पाटाच्या तोंडाशी बसलेला असतो.

हीच गोष्ट आपल्या घरची करून पाहू. महाराष्ट्रात मराठी बोलणारे आपण पुष्कळ आहोत. पण बेळगाव, निपाणी, खानापूरकडे आपलीच माणसे थोडकी आहेत. तंजावरकडे तर तीनशेहून अधिक वर्षे मराठी घराणी नांदत आली, आणि त्यांच्या घरात एक मराठी बोली टिकली. बेळगावच्या मराठी मुलाने पहिले अक्षर आईच्या भाषेत गिरवावे असे आपल्याला वाटते ना? त्याच्या गावातले सरकारी कागद त्याला वाचता यावेत असे वाटते ना? मग ते कशाच्या बळावर मागायचे? १९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-अ आले. भाषेने अल्पसंख्याक असलेल्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी, असे ते सांगते. शाळेत अशी ४० मुले किंवा एका वर्गात १० मुले असली तर मातृभाषेत शिकवणारा शिक्षक द्यावा, असे प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांनी १९४९ सालीच ठरवले होते. हाच नियम बेळगावच्या मराठी मुलाचा आणि हाच नियम जतच्या कानडी मुलाचा, मालेगावच्या उर्दू मुलाचा. एका हाताने तो नियम धरायचा आणि दुसऱ्या हाताने फाडायचा, हे जमणार नाही. इथे आपण थोडक्यांना जसे वागवतो, त्याची साक्ष तिकडे आपल्या थोडक्यांच्या कामी येते, किंवा त्यांच्याविरुद्ध जाते.

आम्ही पडलो शिक्षक, म्हणून एका शाळेचीही हकीकत सांगतो. १९८५ साली केरळात एका शाळेतून तीन भावंडांना काढून टाकले. ती ख्रिस्ती धर्मातल्या एका अगदी लहान पंथाची होती. शाळेत राष्ट्रगीत चालू झाले की ती अदबीने उभी राहत, पण ओठ हलवत नसत. कारण देवाच्या प्रार्थनेखेरीज दुसरे काही गायचे नाही, अशी त्यांच्या पंथाची श्रद्धा. कोणी तक्रार केली, चौकशी झाली. मुले वागणुकीने चांगली आहेत, त्यांनी कधी अनादर केला नाही, असे चौकशीत निघाले. तरीही त्यांना काढले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ता. ११ ऑगस्ट १९८६ रोजी न्यायालयाने निकाल दिला की ती अदबीने उभी राहत होती, तेव्हा त्यांनी अपमान केला नाही. गायलाच पाहिजे असा कायदा नाही. मुलांना शाळेत परत घ्या. अगदी नगण्य वाटणाऱ्या थोडक्यांनाही घटनेखाली आपली जागा सापडते की नाही, यावरच लोकशाहीची पारख होते, असा त्या निकालाचा आशय आहे. पंथ त्यांचा आम्हांला पटो वा न पटो, हा मुद्दा नव्हे. कोट्यवधी माणसांच्या देशाचे सर्वांत मोठे न्यायालय तीन पोरांसाठी बसले. या देशाचा नागरिक म्हणून आम्हांला या गोष्टीचा अभिमान वाटतो.

आता असे कोणी समजू नये, की हे सारे बाहेरून आलेले विचार आहेत. आपल्या घराण्यातलेच आहेत. जोतीराव फुल्यांचे सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक त्यांच्या मागे १८९१ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी एक कुटुंब कल्पिले आहे. बाईने बौद्ध धर्म घ्यावा, नवऱ्याने ख्रिस्ती, मुलीने मुसलमानी आणि मुलाने सार्वजनिक सत्यधर्म. आणि तरी एकाने दुसऱ्याचा द्वेष न करता सर्वांनी एका घरात प्रेमाने राहावे. जोतीरावांना हे एका घरात शक्य वाटले. आपल्याला एका गावात, तेही जत्रेच्या चार दिवसांपुरते, अशक्य वाटावे काय?

करवीरचे शाहू छत्रपती यांनी तर ते राज्यात करून दाखवले. १९०२ साली त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी शेकडा पन्नास जागा राखल्या, हे सर्वांना पाठ असते. पण त्यांनी कोल्हापुरात वसतिगृहे कशी उभी केली पाहा. १९०१ साली मराठ्यांचे झाले आणि त्याच साली जैनांचेही. १९०६ साली मुसलमानांसाठी शिक्षणसंस्था निघाली, तिचे अध्यक्ष स्वतः महाराज झाले. पुढे लिंगायतांचे झाले, अस्पृश्यांचे झाले. मुसलमान मुलाला आधी मराठा हो मग शीक, असे ते म्हणाले नाहीत. जो तो आपल्या घरच्या रीतीने राहो, पण सर्वांनी शाळेत येऊन बसो, असा त्यांचा बेत. प्रजेतले पुष्कळ कोण आणि थोडके कोण हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्यांनी थोडक्यांना हात द्यायला त्याचा उपयोग केला.

चौथा आक्षेप असा, की त्या लोकांत वाईट माणसे असतात. जत्रेत चोऱ्या होतात, म्हणून सगळ्यांनाच दूर ठेवलेले बरे. यावर थोडे सविस्तर बोलणे प्राप्त आहे. ज्याने चोरी केली त्याला पकडा, पोलिसांत द्या. आम्ही साक्षीला येऊ. पण एकाच्या गुन्ह्याचा डाग साऱ्या जातीला लावणे ही रीत आपली नव्हे, ती इंग्रज सरकारची. १८७१ साली त्यांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. ज्या जमातीचे नाव यादीत गेले, तिच्यात जन्मलेले मूल जन्मतःच गुन्हेगार. त्याने नाव नोंदवायचे, हजेरी द्यायची, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही. रानात फासे लावून पोट भरणारा पारधी, गाढवावर दगड वाहणारा वडार, टोपल्या विणणारा कैकाडी यांच्यासारख्या कष्टकऱ्यांवर हा छाप बसला. शाहू महाराजांनी आपल्या राज्यात १९१८ साली ही हजेरी बंद केली. देशात तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, सुटला. म्हणूनच त्या जमातींना विमुक्त म्हणतात. कायदा सुटला, पण मनातली यादी सुटली नाही.

ती यादी काय करते, ते ता. १ जुलै २०१८ रोजी दिसले. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा म्हणून गाव आहे. बाजाराचा दिवस होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे भिक्षेसाठी तिथे उतरली. ती बहुतेक मंगळवेढे तालुक्यातली. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी आवई मोबाईलवरून फिरत होती. कोणी तरी बोट दाखवले, जमाव जमला, आणि त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून ठार मारले. मंडळी, कोंडलेली जागा कोणती ते ध्यानात घ्या. जिथे माणसाने आसऱ्याला जायचे, ती पंचायतीची खोली. मारणारे दरोडेखोर नव्हते. आपल्यासारखीच बाजारहाट करायला आलेली माणसे होती. त्यांना कोणीतरी आधी शिकवून ठेवले होते की फिरस्ता म्हणजे चोर, अनोळखी म्हणजे वैरी. त्याच महिन्यात ता. १७ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात झुंडीच्या हत्या रोखण्यासाठी सर्व राज्यांना आदेश दिले, जिल्ह्याजिल्ह्यात त्यासाठी पोलीस अधिकारी नेमावा असे सांगितले. पण अधिकारी जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि दगड गावात. मधल्या वेळात आपण काय करतो, यावर माणसाचा जीव राहतो. आपल्या ठरावातला फिरस्ते हा शब्द वाचला तेव्हा आम्हांला राईनपाड्याची ती खोली आठवली. ठरावाने कोणाला मारले जात नाही, हे खरे. पण अमके लोक इथे नकोत असे गावाने शिक्का मारून सांगितले, म्हणजे उद्या दगड उचलणाऱ्याला वाटते की आपण गावाचेच काम करीत आहोत.

एक गोष्ट थोडक्यांनाही सांगितली पाहिजे. नाही तर आमचे बोलणे एकांगी होईल. समाज थोडका असला म्हणून त्याच्या आतल्या बळकटाने दुबळ्याला दाबावे, असा हक्क कोणालाही नाही. थोडक्यांतही थोडके असतात. त्यांत पहिली बाई. ता. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुसलमान बाया मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेल्या, तोंडी तलाकाविरुद्ध. सातच, पण गेल्या. दलवाईंनी १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापले. ते नाव आपल्याला परके नाही. पुढे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला. त्याचप्रमाणे जातपंचायतीने आपल्याच माणसाला वाळीत टाकू नये म्हणून महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केला, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तेव्हा सुधारणा आतून झाली पाहिजे हे आम्हांला मान्य आहे. पण ज्या घराला बाहेरून दगड पडत आहेत, त्या घरातली बाई खिडकी उघडील कशी? बाहेरच्याने दगड टाकणे थांबवले तर आतल्याला दार उघडायला धीर येतो.

जत्रेविषयी दोन व्यवहाराचे शब्द. आपली जत्रा कोणी भरवली? देवाने माणसे बोलावली, पण बाजार भरला तो कारागिरांनी. बांगड्या भरणारा मणियार, अत्तरवाला, पानाचा तांबोळी, फळांचा बागवान, विळेकोयते परजून देणारा शिकलगार, गादीचा कापूस पिंजणारा पिंजारी, हे त्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या बसत आले. जुन्या गावगाड्यात मुलाण्याला बलुत्याचा वाटा होता. श्रीगोंद्याचे शेख महंमद संतांच्या मेळ्यात गणले गेले. बार्शीचे शाहीर अमर शेख संयुक्त महाराष्ट्रासाठी गावोगाव डफ घेऊन फिरले. यांना परके म्हणायचे तर आपल्या भाषेतली किती पाने फाडावी लागतील! आणि साधा हिशेब पाहा. दुकाने निम्मी झाली म्हणजे उरलेल्यांचे भाव चढतील. चढलेल्या भावाने बांगडी घ्यायची ती तुमच्याच लेकीसुनांनी. ज्यांना बाजारात स्पर्धा नको आहे, त्यांच्या पदरात नफा पडतो. पुढे केला जातो तो मात्र धर्म. हे कष्टकऱ्यांनी नीट पाहून घ्यावे.

आता करायचे काय, ते सांगून आटपतो.

एक. ग्रामसभेत तो ठराव आला की हात खाली ठेवावा, आणि तेवढ्यावर न थांबता उभे राहून दुसरा ठराव मांडावा. जत्रेतल्या जागा चिठ्ठ्या टाकून द्याव्यात, भाडे सर्वांना सारखे असावे, वजनमापे सर्वांची तपासावीत, दुकानदाराचे नाव-गाव सर्वांचे लिहून घ्यावे. चोरीची भीती खरी असेल तर तिला हा उपाय आहे.

दोन. अफवा आली की ती पुढे पाठवू नये. अनोळखी माणसावर संशय आला तर पोलीसपाटलाला बोलवावे, ११२ हा नंबर फिरवावा, आणि पोलीस येईपर्यंत गावातल्या चार वडीलधाऱ्यांनी त्या माणसाच्या भोवती उभे राहावे. जमावाच्या बाजूने उभे राहायला धाडस लागत नाही.

तीन. पाले उतरली की त्यांतल्या मुलांना शाळेत पाठवा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे जन्माचा दाखला नाही, बदलीचा दाखला नाही, म्हणून कोणत्याही मुलाला दार बंद करता येत नाही. चार महिने असेना का, ते मूल पाटीवर स्वतःचे नाव लिहील. ज्याचे नाव आपल्या मुलाच्या शेजारी हजेरीपटावर आहे, त्याच्या बापाला चोर म्हणणे जड जाते.

चार. ज्यांची घरे थोडी, त्यांच्या दफनभूमीची जागा, तिथे जाणारी वाट आणि पाणी यांची सोय पंचायतीने न मागता करावी. जिवंतपणी भांडणारी माणसेही मेलेल्याला वाट देतात, ही आपल्या गावांची जुनी रीत आहे. ती राखावी.

पाच. कोणावर अन्याय झालाच तर त्याने गप्प बसू नये. तहसीलदार आहे, कलेक्टर आहे, राज्याचा अल्पसंख्याक आयोग मुंबईस आहे. अर्ज लिहायचा कसा हे ज्याला येत नसेल त्याने शाळा सुटल्यावर आमच्याकडे यावे. कागद आणि शाई आमची.

बांधवांनो, आपल्या आज्यापणज्यांना पुष्कळ असूनही कोणी विचारीत नव्हते. थोडक्या शिकलेल्यांनी पुष्कळ अडाण्यांना दाबून ठेवले, त्याविरुद्ध त्यांनी झगडा केला आणि माणूस म्हणून वागवा असे मागितले. आज मत आपल्या हाती आहे, पंचायत आपल्या हाती आहे. जे आपण मागितले तेच दुसरा मागतो आहे. त्याची घरे मोजू नका. त्याची मागणी खरी की खोटी एवढेच पाहा, आणि मग ग्रामसभेस या.